स्किड शू दर हिवाळ्यात झिजतात? नवे आणण्याआधी जुने उलटे करून बघा

एका हिवाळ्यात मी माझ्या स्नोब्लोअरच्या, म्हणजे बर्फ उचलून फेकणाऱ्या यंत्राच्या, स्किड शूचे दोन जोड संपवले. बकेट म्हणजे यंत्राची बर्फ गोळा करणारी पुढची पेटी, आणि शू म्हणजे तिच्या दोन्ही कडांना बोल्टने लावलेले, तिला जमिनीपासून जरा वर धरून घसरत चालणारे पाय. पहिला हंगामाच्या सुरुवातीला बसवला होता. अर्धा हिवाळा सरायच्या आत डाव्या शूचा तळ पत्र्याच्या डब्यासारखा पातळ झाला, आणि एका पहाटे बकेटची डावी कड थेट काँक्रीटवर घासायला लागली. दात आंबवणारा आवाज असतो तो. दुसरा जोड आणला, त्यातलाही डावाच आधी गेला. मग मी सगळे करतात तेच केलं. आणखी जाड, आणखी महाग शू शोधत बसलो.

खोट निघाली ती डाव्या टायरमध्ये. रिमच्या कडेने हवा हळूहळू जात होती, इतकी हळू की नुसतं बघून कळू नये. चार पायांच्या टेबलाचा मागचा डावा पाय जरासा आखूड झाला की वजन तिरकं जाऊन पुढच्या डाव्या आणि मागच्या उजव्या पायावर बसतं. स्नोब्लोअरचंही तेच होतं. मागे दोन टायर, पुढे दोन शू, असे चार पाय. मागचा डावा खचला की पुढचा डावा शू दोघांचं ओझं वाहतो आणि उजवा नुसता सोबतीला चालतो. ते दोन्ही जोड मी टाकून दिले नव्हते, म्हणून हे कळलं. टेबलावर चारही शू पालथे घालून ठेवले तेव्हा दोन्ही डाव्यांचा तळ अगदी सारखा खाल्लेला दिसला, आणि दोन्ही उजव्यांवर कारखान्यातला रंग अजून शिल्लक होता.

चपलेचा तळ बघून माणूस कसा चालतो ते सांगता येतं. शूचंही तसंच आहे, म्हणून खाली बराचसा भाग तळ वाचण्याबद्दलच आहे. कोणता शू घ्यावा हे शेवटी येईल.

(मी टू-स्टेज यंत्राबद्दल बोलतोय, म्हणजे ज्यात बकेटमधला फिरणारा स्क्रू, ऑगर, बर्फ आत ओढतो आणि मागचा पंखा तो फेकतो. सिंगल-स्टेजमध्ये रबरी पातीच जमिनीला लागून फिरतात, बहुतेकांना स्किड शू नसतातच. त्यांचं दुखणं वेगळं.)

शू झिजवतं कोण?

बर्फ झिजवत नाही. शून्याच्या आसपासच्या बर्फाचा कठीणपणा मोह्सच्या मापात साधारण १.५ असतो, साध्या पोलादाचा ४ ते ४.५. बर्फावरून पोलाद कितीही घासलं तरी फारसं काही होत नाही. पण काँक्रीटमधली वाळू, डांबरातली खडी, पाय घसरू नये म्हणून टाकलेली रेती, यांत क्वार्ट्झ असतं आणि त्याचा कठीणपणा ७. शूचा तळ खाते ती ही मंडळी. म्हणजे शू किती झिजला यावरून बर्फ किती काढला ते कळत नाही, उघड्या जमिनीवरून यंत्र किती ओढलं ते कळतं.

झिजेचं गणितही सरळ आहे. शूवर भार जितका जास्त आणि तो जितकं जास्त अंतर घासत गेला, तितका धातू जातो. धातू जितका कठीण, तितका कमी जातो. या तीन गोष्टींपैकी आपण सगळे पैसे तिसरीवर घालतो. पहिल्या दोन फुकट सुधारता येतात.

तळ वाचायचा कसा

इंजिन बंद करा, चावी काढा, स्पार्क प्लगची तार सोडवा. बॅटरीचं यंत्र असेल तर बॅटरी बाहेर. मग दोन्ही शू काढा, पुसा, आणि डावा-उजवा असं खडूने लिहून शेजारी शेजारी पालथे ठेवा. कोणता कुठला होता ते एकदा विसरलं की पुढचं सगळं वाया.

*एकच शू जास्त झिजलाय.* आधी टायर. हवा अंगठ्याने दाबून बघू नका, गेज लावा, आणि यंत्र जिथे थंडीत उभं असतं तिथेच लावा. १७-१८ पीएसआय भरलेल्या टायरमधून तापमान २० अंशांनी उतरलं की दोन-सव्वादोन पीएसआय तसेच कमी होतात. उन्हाळ्यात भरलेली हवा म्हणूनच हिवाळ्यात धरायची नाही. दोन्हीकडे आकडा सारखा असणं, टायरच्या बाजूवर छापलेल्या आकड्याला तंतोतंत जुळण्याइतकंच महत्त्वाचं आहे. टायर ठीक असतील तर शू दोन्हीकडे सारख्या उंचीवर बांधले होते का ते बघा. तेही ठीक असेल तर बकेट. कधीतरी कडेच्या दगडावर जोरात आपटली असेल तर ती पिळते. सपाट जमिनीवर दोन्ही वरच्या कोपऱ्यांची उंची टेपने मोजली की लगेच कळतं. आणि जागेलाच एका बाजूला उतार असेल तर उताराकडचा शू थोडा जास्त जाणारच, त्याला इलाज नाही.

*चवडा झिजलाय, टाच कोरी आहे.* बकेट नाक खाली घालून चालतेय. सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे टायरला चढवलेल्या साखळ्या. शू आधी बांधले आणि साखळ्या नंतर घातल्या, तर मागची बाजू उचलली जाते आणि शू पुढच्या टोकावर उभा राहतो. मोठ्या मापाचे टायर टाकले तरी हेच. दुसरं कारण आपले हात. दमलेला माणूस हँडल नकळत वर उचलून यंत्राला ढकलत राहतो.

*टाच झिजलीय, चवडा कोरा.* उलटं कारण. दोन्ही टायर सारखेच पण मऊ, नाहीतर हँडलवर सतत रेलायची सवय. तिसरी शक्यता म्हणजे शूच तिरका बांधलेला. दोन बोल्ट, दोन उभ्या खाचा, आणि घट्ट करताना मागचा बोल्ट पुढच्यापेक्षा जरा खाली आला. डोळ्याला दिसत नाही, तळाला दिसतं.

*फक्त आतली किंवा बाहेरची धार गेलीय, सुरीसारखी झालीय.* हे वळताना होतं. दोन्ही चाकं एकत्र जोडलेली असली की यंत्र वळत नाही, ते खरवडत फिरतं, आणि शू आडवे ओढले जातात. तळ सपाट चालण्यासाठी घडवलेला असतो, आडवं ओढलं की सगळा भार एका धारेवर येतो.

*दोन्ही अगदी सारखे, सगळीकडून, पण भराभर झिजलेत.* हे वाचून आनंद व्हायला हवा. तुमची मांडणी बरोबर आहे. आता प्रश्न फक्त भार, अंतर आणि धातूचा.

आणि एक सहावा प्रकार, ज्यात शू झिजलेलाच नसतो. नट ढिले झाले की शू खाचेतून वर सरकतो, बकेट खाली बसते, आणि आपण म्हणतो "गेले शू". मी ओळखीच्या एकाला नवा जोड विकत घेताना अडवलं होतं. त्याचा जुना जोड जेमतेम एक मिलिमीटर झिजलेला होता, वर मात्र बोटभर सरकलेला. आता मी शूच्या वरच्या कडेला बकेटवर पिवळ्या रंगाची एक रेघ मारून ठेवतो. शू रेघेच्या वर गेला की पाना घ्यायचा, पाकीट नाही.

बांधताना

हा भाग घाईने केला की बाकी सगळं फुकट, म्हणून जरा सविस्तर.

जागा खरोखर सपाट हवी. गॅरेजच्या फरशीला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो, त्याची आठवण ठेवा. टायरची हवा सारखी करा. हिवाळ्यात साखळ्या वापरणार असाल तर आत्ताच चढवा.

आता स्क्रेपर बार बघा, म्हणजे बकेटच्या खालच्या कडेची ती आडवी पोलादी पट्टी. तिला सरळ पट्टी किंवा लाकडाची सरळ कड लावून बघा. ती एका टोकाला जास्त झिजलेली असेल तर तिच्या खाली दोन्हीकडे सारखं अंतर ठेवून तुम्ही बकेट वाकडीच बांधाल. अशी पट्टी आधी उलटा किंवा बदला. पुष्कळ यंत्रांत ती उलटून दुसरी कड वापरता येते.

मग पट्टीच्या दोन्ही टोकांखाली सारख्या जाडीचे तुकडे सरकवा. रंग ढवळायच्या चपट्या काड्या छान बसतात. गुळगुळीत काँक्रीट किंवा डांबरासाठी साधारण ३ मिमी पुरतात. सुट्या खडीच्या वाटेसाठी २५ ते ३० मिमी लागतात, नाहीतर ऑगर खडी उचलून दगड फेकतो, आणि तो प्रकार शू झिजण्यापेक्षा कितीतरी वाईट. फरशा उंचसखल असतील, भेगा असतील, तर या दोन्हींच्या मधलं अंतर चाचपडत ठरवायचं. तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो धरा.

आता दोन्ही शूंचे नट सैल करा आणि शू स्वतःच्या वजनाने जमिनीवर पडू द्या. वरून तळहाताने दाबून चवडा आणि टाच दोन्ही टेकल्याची खात्री करा. एका हाताने दाबून धरत आधी एक नट अर्धा, मग दुसरा अर्धा, असं आलटून पालटून आवळा. एक नट पूर्ण आवळला की शू त्याभोवती फिरतो आणि टाच उचलते. माझा शू तिरका बसायचा तो याच एका चुकीने.

काड्या काढल्या की कागदाची परीक्षा. साध्या कागदाची पट्टी प्रत्येक शूच्या चवड्याखाली आणि टाचेखाली सरकवून ओढायची. चारही ठिकाणी ओढ सारखी लागली पाहिजे. मी पहिल्यांदा केलं तेव्हा डावीकडे कागद फाटला आणि उजव्या टाचेखालून तो वाऱ्याने उडावा तसा निघून आला. तेवढ्या एका क्षणात दोन जोडांचा हिशेब लागला.

पहिल्या एक-दोन वापरांनंतर नट पुन्हा आवळा. थरथरीने ते बसतात.

काहीजण मुद्दाम शू इतके वर बांधतात की स्क्रेपर बारच जमिनीला टेकतो. जमीन स्वच्छ निघते, शू झिजत नाहीत, सगळं छान. पण मग पट्टी झिजते, आणि ती झिजली की मागोमाग बकेटचाच पत्रा. शिवाय फरशीच्या प्रत्येक सांध्याला यंत्र अडकून हँडल पोटात बसतं. शू हा बळी द्यायचाच भाग आहे, दोन नट सोडले की निघतो. पट्टी बदलायला अख्खं यंत्र उभं करावं लागतं. झिजायचंच तर शूने झिजावं, असं माझं मत.

चालवताना

गॅरेजपासून बर्फापर्यंत आणि परत, मधे कोरडी जमीन लागली की हँडल जरा खाली दाबून बकेट उचला. टायरच्या आसावर यंत्र तोललेलं असतं, फार जोर लागत नाही. पट्ट्यांच्या, म्हणजे ट्रॅकवाल्या यंत्रात बहुधा बकेटची उंची बदलणारा खटका असतो. त्याची ने-आण करण्याची जागा यासाठीच आहे. त्याच खटक्याची दुसरी जागा बकेट खाली दाबणारी असते, टणक बर्फासाठी. टणक बर्फ संपला तरी खटका तिथेच राहिला, तर शू तळपत्या तव्यावर ठेवल्यासारखे जातात. पुढे वजन बांधणाऱ्यांनाही हेच लागू. टणक थरावर बकेट चढते म्हणून वजन लावतात, ते समजू शकतो, पण ताज्या भुसभुशीत बर्फात ते काढून ठेवा.

वळताना चाक मोकळं करण्याची सोय असेल तर वापरा. नसेल तर बकेट उचलून वळा. आणि टोकाला गेल्यावर तिथल्या तिथे नव्वद अंशात फिरवण्यापेक्षा थोडी मागे घेऊन मोठा वळसा घातलेला बरा.

रेती टाकत असाल तर पुढच्या बर्फाआधी जमलेली रेती झाडून काढा. एरवी तुम्ही शूखाली पॉलिश पेपर अंथरून यंत्र चालवताय.

सिलिकॉनचा फवारा शूला मारायचा सल्ला नेहमी ऐकू येतो. बर्फ फेकणाऱ्या नळकांड्यात तो फवारा उत्तम. शूच्या तळावर तो शंभर पावलंही टिकत नाही.

आता धातू

आधी आहे तोच पूर्ण वापरा. बरेच शू वर-खाली सारखे असतात, खालची बाजू झिजली की उलटे करून दुसरी बाजू मिळते. भोकं मध्यावर असतील तर डावा उजवीकडे नेऊन चवड्याची टाचही करता येते. उलटायची वेळ मात्र तळाला भोक पडल्यावर नसते. तळ निम्म्यावर आला की उलटा. पूर्ण झिजेपर्यंत थांबलात तर शूची बाजू वाकते, आणि मग उलटूनही तो नीट बसत नाही.

नवे घेताना जाडीपेक्षा मी तळाची लांबी-रुंदी बघतो. तेवढ्याच भाराला तेवढाच धातू जातो, पण तळ दुप्पट असेल तर तो निम्म्या खोलीने जातो. दोन्ही टोकं वर वळलेली हवीत, म्हणजे सांध्यांवरून शू चढून जातो, आपटत नाही.

वेल्डिंग येत असेल तर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे तळाला ६ मिमीच्या चपट्या पट्टीचा तुकडा कडांनी जोडणं. झिजला की ग्राइंडरने काढायचा, नवा लावायचा. मी झीजरोधक पोलादाचा तुकडा लावतो. ४०० ब्रिनेलच्या (हेही कठीणपणाचंच एक माप) आसपासचं ते पोलाद साध्या पोलादाच्या तिपटीएवढं कठीण असतं. दोन्ही शूंना सारखीच जाडी लावा आणि नंतर वरची काड्यांची कसरत पुन्हा करा.

हार्डफेसिंगचे रॉड वापरून तळावर कठीण धातूच्या रेघा ओढण्याचा उपायही चालतो, खडबडीत डांबरावर तर फारच. रेघा यंत्र चालतं त्या दिशेने ओढा. शू पातळ असतो, एका दमात सगळं केलं तर केळ्यासारखा वाकतो. एक रेघ, थंड होऊ द्या, मग दुसरी. पाण्यात बुडवून थंड करू नका. या थरात बारीक आडव्या चिरा पडतात, क्रोमियम कार्बाइडच्या रॉडला ते नेहमीचंच आहे. आणि शूवर जस्ताचा मुलामा असेल तर आधी घासून काढा. जळत्या जस्ताच्या धुराने ताप भरतो, उघड्यावर केलं तरी तोंड त्या धुरात नको. नक्षीच्या फरशीवर मात्र हा शू नेऊ नका. शू टिकेल, फरशीवर ओरखडे कायमचे राहतील.

तशा फरशीसाठी प्लास्टिकचे शू, म्हणजे यूएचएमडब्ल्यू पॉलिथिलीनचे. घसरतात छान, बर्फ चिकटत नाही, गंजाचे डाग पडत नाहीत, आणि गुळगुळीत जमिनीवर आश्चर्य वाटावं इतके टिकतात. अणकुचीदार खडीवर त्यांचे तुकडे पडतात. बसवताना मोठा वॉशर घाला, नाहीतर नट प्लास्टिकमध्ये रुततो आणि शू सरकायला लागतो. चाकांचे शूही मिळतात. माझ्याकडे एक हंगाम होते. चाकात ओला बर्फ गोठला की ते चाक राहत नाही, मग एका जागी घासून चपटं होतं.

अडकलेले बोल्ट

हे सगळं वाचून तुम्ही पाना घेऊन जाल आणि नट हलणारच नाही. मिठाच्या पाण्याने तो गंजलेला असतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा. सकाळी तारेच्या ब्रशने बाहेर आलेले आटे साफ करा, पुन्हा तेल मारा, मग पाना. गोल डोक्याचा बोल्ट स्वतःच फिरायला लागला तर त्याच्या मानेची चौकोनी जागा झिजलीय असं समजा. डोकं ग्रिप प्लायरने धरून बघा, नाहीतर ग्राइंडरने नट कापा. बोल्टवर जीव टाकू नका, नवे घाला, आणि आट्यांना अँटी-सीझ, म्हणजे आटे जाम होऊ न देणारं वंगण, लावून घाला. हंगाम संपला की एकदा नट सोडून पुन्हा आवळून ठेवले की पुढच्या वर्षी ही मारामारी टळते.

रिम साफ करून टायर पुन्हा बसवला तो हिवाळा आणि त्याच्या पुढचा, असे दोन हिवाळे माझा सध्याचा जोड चाललाय. आता दुसऱ्या बाजूवर आहे. कागद चारही ठिकाणी सारखा ओढला जातो. डावा अजूनही उजव्यापेक्षा नखभर जास्त झिजतो. उतार तिकडेच आहे.